नायलॉनच्या गिटारीला स्टीलच्या तारा
भीमजयंतीच्या स्टेजवर माझ्या नातीने गिटार छेडली आणि तारा बांधलेली पट्टी लाकडासकट उखडून तिच्या बोटांवर आदळली. रक्त आलं. गिटार नायलॉनच्या तारांची होती. तारा बदलताना चिखलीच्या दुकानात पोरगी सांगत होती, "बाबा, स्टीलच्या तारांचा ताण हिले झेपनार नाही." तिचा बाप, माझा लेक, हसला, "नायलॉन तं मासे धराले असते! मंडपात आवाज घुमला पाह्यजे." त्याने स्टीलच्याच बसवल्या. ती रडत खाली उतरली, तर हाच म्हणतो, "तुलेच धरता नाही आली." मी सगळ्यांदेखत ओरडले, "तिनं सांगतलं होतं, तू ऐकलं काऊन नाही?" आज तो ही गोष्ट हसत सांगतो. व्रण मात्र नातीच्या बोटावर आहे.