साडूंचा माचा

साऱ्या नाशकात चहाच्या वेळी टाळावा असा माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस नसेल. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य सुटे भाग तपासून नापास करण्यात घालवलं. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, म्हणून काही दिवस ते भाजीवाल्यांच्या मागे होते. मग त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी जपानला गेली आणि तिने तिथून माचाचा एक डबा पाठवला. माचा म्हणजे हिरव्या चहाची मऊ दळलेली पूड. त्या दिवसापासून भाजीवाले सुटले आणि आम्ही सापडलो.

माचात प्रती असतात हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. साडूंनी ते मला सुपारीवरून समजावलं. "पूजेची सुपारी वेगळी आणि खायची वेगळी, बरोबर? तसा हा सेरेमोनियल, म्हणजे पूजेचा. आणि तो कलिनरी, म्हणजे स्वयंपाकाचा, दुधात नाहीतर केकमध्ये घालायचा. फरक इतकाच, की इथे पूजेचाच प्यायचा असतो." मग परीक्षा. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवून ती बोटाने ओढायची. रेघ लांब आणि अखंड उठली तर माल उत्तम, तुटली तर भरड. रंग पोपटी हवा, पिवळट नको. आमच्या वर्तमानपत्राचे समास, लाईट बिलाची मागची बाजू, सगळीकडे त्या रेघा उमटल्या. एकदा कागद मिळेना, तर त्यांनी शांतपणे माझ्या पांढऱ्या सदऱ्याची बाही पुढे ओढली.

ऐन मे महिन्यात ते मला स्कूटरवर मागे बसवून देवळाली कॅम्पला घेऊन गेले, कारण तिथल्या एका दुकानात माचा आल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पाकीट फोडून घेतलं, बोट ओढलं आणि भर गिऱ्हाइकांत निकाल दिला, "वर पूजेचा छापलाय, आत स्वयंपाकाचा आहे." दुकानदाराने मला विचारलं, "काका, हे तुमच्यासोबत आहेत का?" मी नाही म्हणालो आणि बसने घरी आलो.

सायखेड्याला मेव्हण्याच्या वास्तुशांतीतही जेवणं उरकल्यावर साडूंनी पिशवीतून बांबूची घुसळणी काढली. मेव्हण्याने भिडेखातर एक घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच ठेवला. "दाजी, लय कडू हाय. लसूणघासाचा वास येतो."

"कडू लागला कारण पाणी उकळतं दिलंत. आणि वास गवताचाच यायला हवा," साडू म्हणाले, आणि त्यांनी दुसरी वाटी घुसळायला घेतली. मेव्हणा उठून गोठ्याकडे गेला.

यंदा मुलगी आठवडाभर सुट्टीवर आली. साडूंनी खास तिच्यासाठी राखून ठेवलेला डबा उघडला, पूड चाळली, पाणी बेताचं निववलं आणि हिरवागार फेस आणून वाटी तिच्या हातात दिली. आम्ही सगळे बघत होतो. तिने ती संपवली आणि म्हणाली, "छान झालाय, बाबा. पण तिथे मी हा कधी पीत नाही. ऑफिसात मशीनची कॉफी असते. मला आलं घालून आपला चहा द्याल?" साडू आलं किसायला गेले.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. बायकोने चहा पुढे केला, तो त्यांनी मुकाट्याने घेतला. मग म्हणाले, "दर रविवारी फोनवर तिला रंग विचारायचो, वास विचारायचो, तिथल्या दुकानांची नावं विचारायचो. तिला तिथे करमतं का, हे विचारायचं राहूनच गेलं."

"मग आता विचारा," मी म्हणालो आणि फोन त्यांच्याकडे सरकवला.

तिने लगेच उचलला. "अगं, त्या मागच्या डब्याचा..." साडूंनी सुरुवात केली आणि ते थांबले. "काही नाही. सहजच केला. जेवलीस का? सोबत कोणी असतं का गं जेवायला?"

पलीकडून ती बराच वेळ बोलत राहिली. साडू खिडकीकडे तोंड करून नुसतं "हं, हं" म्हणत होते.