उकंडाची बाटली

गोजरबाईला वाचता येत नव्हतं आणि आता ती नाहीही, तरी हे तिच्यासाठीच लिहिते. ‘पोराचं औषध हिनंच तोडलं,’ असं आमच्या हट्टा गावात अजून बोलतात. बोलणाऱ्यांच्या घरी देवी आली असती तर त्यांनी काय दिवे लावले असते, ते मला ठाऊक आहे. म्हणून झालं तसं सांगते.

गोजरबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. निजामी राज्यातलं बेचाळीस साल असेल, हे पोरगं झालं तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं, नाव ठेवलं उकंडा. मरणाला किळस यावी म्हणून! मरण आलं नाही, फेफरं आलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी खारट औषध दिलं. बाटलीला कागदाची पट्टी, पट्टीला डोसाच्या खाचा. “एक दिवस चुकवायचं नाही,” त्यांनी बजावलं. अंगावर पुरळ उठलं तर काय करायचं, ते काही बोलले नाहीत. गोजरबाईनं चुकवलं नाही. पोरगं वर्षभर पडलं नाही. शेळीमागं धावू लागलं.

मग त्याच्या तोंडावर, पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं, पिकलं. सासू शकुबाईंनी हात जोडले. “आई आल्यात घरात.”

“आत्याबाई, दवाचं तर नसंल?”

“वरीस झालं दवा पितंय, आताच काहून उठंल? आई असताना दवा पाजतीस? डोळे नेतील लेकराचे!”

ही भीती पोकळ नव्हती. देवीत डोळे गेलेला महेबूब रोज काठी टेकत दारावरून जायचा. गोजरबाईनं बाटली कोनाड्यात ठेवली. दाराला लिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली. आई घरात असताना घरच्या माणसानं शीव ओलांडायची नाही, म्हणजे हिंगोलीला जाऊन विचारणंही खुंटलं. दिवेलागणीला तिचा हात आपसूक कोनाड्याकडे जाई. एकदा तिनं बूच काढलं.

“पाज! तू शाणी, आमी येड्या!” सासूबाई म्हणाल्या. गोजरबाईनं बूच परत लावलं.

पुरळ सुकलं. “पटलं का आता?” शकुबाई म्हणाल्या. गोजरबाईला पटलं. कुणाला पटलं नसतं?

दहीभात दाखवून आईची बोळवण केली, त्याच सकाळी उकंडा पडला. एक झटका ओसरेना तोच दुसरा. नवऱ्यानं गाडी जुंपली. वाटेत गोजरबाई औषध पाजू लागली, पण दातखीळ बसलेली. सगळं हनुवटीवरून ओघळलं. हिंगोली दिसायच्या आत बैल माघारी वळवावे लागले.

उन्हाळ्यात मी, मास्तरांची लेक, हैदराबादच्या कॉलेजातून घरी आले. गोजरबाई आडावर भेटली.

“ताई, तिथल्या मोठ्या डाक्टराला इचारता का? ते पुरळ आईचं व्हतं का दवाचं?”

“विचारते. पण बाटली द्या, दाखवावी लागेल.”

“देते की. उद्या.”

निघायच्या दिवशी मीच तिच्या दारी गेले. ती जमीन सारवत होती. बाटली कोनाड्यातच होती, तळाशी थोडं औषध.

“हात शेणानं भरलेत, ताई. सांच्याला देते,” ती मान वर न करता म्हणाली.

माझी गाडी दुपारची होती, हे तिला ठाऊक होतं.