वळणावरचा हॉर्न

डहाणूच्या आमच्या कार्यालयात गॅसवर चालणारी गाडी आली, तेव्हा मी पेढे वाटले होते. गाडी काही माझ्या घरची नव्हती, पण ती घ्यावी ही टिपणी माझी होती. जुनी डिझेलची जीप दर पावसाळ्यानंतर गॅरेजात पडायची आणि तिची बिलं मंजूर करून घेताना माझ्या चपला झिजायच्या. डिझेलला इतका खर्च, गॅसला इतका, म्हणून वर्षाची बचत इतकी, असा सुरेख तक्ता मी मांडला. साहेबांनी तो वर पाठवला आणि गाडी खरोखरच दारात येऊन उभी राहिली. पांढरीशुभ्र, मागच्या डिकीत टाकी. "ताई, आता सामान कुठं ठेवायचा?" एवढंच मामा म्हणाले.

मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. कचेरीत ड्रायव्हरला सगळेच मामा म्हणतात, मी म्हणायचे ते मनापासून. मी नोकरीला लागले तेव्हा मसोलीहून चालत यायचे. मामांनी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयामागच्या मैदानात मला स्कूटर शिकवली. दोनदा मी कुंपणात घुसले तेव्हा ते गप्प राहिले, तिसऱ्यांदा मात्र पोट धरून हसले. माझं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा साहेबांना विचारून त्यांनीच मला जीपमधून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी लॉगबुकात ती फेरी 'खासगी' म्हणून लिहिली आणि डिझेलचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. मला हे कळलं ते मुलगी वर्षाची झाल्यावर, जुनी लॉगबुकं चाळताना.

त्यांचं घर तलासरीच्या पुढे, उधव्याजवळच्या एका पाड्यावर. थोडं भात, थोडी नाचणी, ते सगळं मामी बघायच्या. मामा आठवडाभर डहाणूत खोली घेऊन राहायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी एसटीने घरी जायचे. कामासाठी आमची गाडी उधव्याच्या रस्त्याने किती वेळा गेली असेल, पण मामांनी ती आपल्या पाड्याकडे एकदाही वळवली नाही. वळण आलं की एक हॉर्न द्यायचे. शेतात वाकलेल्या मामी कंबर सरळ करून हात वर करायच्या आणि गाडी पुढे निघून जायची.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ देतात आणि मग कार्यालयाच्या गाडीतून घरी पोचवतात. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना मामांनीच पोचवलं होतं. "मग तुम्हाला कोण सोडणार?" असं मी त्यांना चिडवायचे. ते म्हणायचे, "कोनी पन सोडा. मी मागं बसनार, काच खाली करून. त्या दिवशी गाडी पाड्यात वळंल." त्यांनी दुसरं काही कधी मागितलं नाही. बदली नाही, बढती नाही, आगाऊ रजाही नाही.

गॅसच्या गाडीचं खरं रूप तीन-चार महिन्यांत दिसलं. डिझेलचा पंप हाकेच्या अंतरावर होता, गॅससाठी मात्र हायवे गाठावा लागे. तिथे गुजरातच्या गाड्यांची ही रांग. कधी गॅस संपलेला, कधी प्रेशर कमी म्हणून टाकी अर्धीच भरायची आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच वारी. मामा प्रत्येक फेरी लॉगबुकात वेगळी लिहायचे. 'गॅस भरण्यासाठी', पुढे किलोमीटर, पुढे रांगेतला वेळ. माझ्या तक्त्यात असली ओळच नव्हती. मी गॅस नि डिझेलचे दर तोलले होते, पण गॅस आणायला गाडीला जावं लागतं हे मला सुचलंच नव्हतं. बेरीज केली तर बचत जवळजवळ नाहीशी झालेली. वरून पत्र आलं, अपेक्षित बचत का झाली नाही, खुलासा करा. साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

मी मामांना बोलावलं. म्हटलं, "ह्या फेऱ्या वेगळ्या नका दाखवू. तलासरीच्या दौऱ्यात धरा."

"गाडी नुसती गॅसला गेली ताई. दौरा कुठं होता?"

"कोण बघतंय?"

"मी लिवतंय ना," मामा म्हणाले.

मी भडकले. तुमच्या खरेपणापायी माझं नाक कापलं जाणार, असं काहीबाही बोलले. ज्या खरेपणाने माझ्या बाळंतपणाचं डिझेल भरलं, त्याच्यावर मी तोंड टाकलं. मामा लॉगबुक काखेत मारून निघून गेले.

मला बचत दाखवायची होती, कशीही. खुलाशाच्या तक्त्यात मी एक ओळ वाढवली: नियमित चालकाऐवजी कंत्राटी चालक घेतल्यास वाहनावरील खर्चात घट. मला वाटलं, कागद आहे, वर जाईल आणि धूळ खाईल. असले किती कागद मी धूळ खाताना पाहिले होते. हा नेमका वाचला गेला. मामांचा पगार काही वाचला नाही, तो नुसता दुसऱ्या लेखाशीर्षाखाली गेला, पण गाडीच्या तक्त्यात बचत लख्ख दिसू लागली. महिन्याभरात कंत्राटी चालक आला. मामांना रेकॉर्ड रूमच्या दाराशी बाकडं मिळालं आणि टपाल फिरवायचं काम मिळालं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. बाहेर गाडी सुरू झाली की बाकड्यावर बसलेल्या मामांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. मी ते माझ्या टेबलावरून बघायचे आणि फायलीत डोकं घालायचे. माझ्याशी त्यांनी बोलणं तोडलं नाही. उन्हाळ्यात ताडगोळे आणायचे ते तसेच आणत राहिले, माझ्या लेकीच्या वाटचे वेगळे बांधून. एकदा तरी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बचत टिकवायची म्हणून मी व्हरांड्यात एक सूचनाही लावली होती. गाडी फक्त शासकीय कामासाठी, अन्य फेऱ्या बंद. माझंच अक्षर, माझ्याच टाचण्या.

मामांचा निरोप मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी झाला. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. गाडी सकाळपासून हायवेला गॅसच्या रांगेत होती. चालकाचा फोन आला, अजून दोन तास तरी लागतील. साहेब म्हणाले, "थांबू या की. मामांना पोचवल्याशिवाय कसं चालेल?"

मामा उठले. "नको साहेब. उधव्याला जाऊन आली तं उद्या परत गॅसला जायला लागंल. ताईंच्या तक्त्यात दोन फेऱ्या चढतील."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते माझी काळजी करत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. एक शब्द पुरला असता. बसा मामा, गाडी येईल, इतकंच म्हणायचं होतं. मी समोरच्या बशीतला वेफर उचलला आणि खाल्ला.

शाल पिशवीत घालून मामा एसटी स्टँडकडे गेले. मी फाटकापर्यंत गेले, त्यांना नमस्कार केला, ते रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. आत जाऊन बशा आवरल्या आणि बाहेर आले तर समोर माझी स्कूटर उभी. त्यांनीच शिकवलेली. निदान तिच्यावरून तरी मी त्यांना सोडू शकले असते. तशीच किल्ली फिरवून स्टँडवर पोचले, पण तलासरीची गाडी सुटून गेली होती. ह्या बाईच्या हातून हे साधं कामसुद्धा झालं नाही, असं मी स्वतःबद्दल अजून म्हणते.

पंधरा दिवसांनी कामासाठी उधव्याला जावं लागलं. त्यांच्या पाड्याच्या वळणावर दोन्ही बाजूंना बांबू रोवलेले होते. मध्ये सुंभाची दोरी आणि दोरीला आंब्याच्या पानांचं तोरण, वाळून करपलेलं. मामांना सोडायला गाडी आत यायची म्हणून पाड्याने बांधलेलं ते कोणी सोडलं नव्हतं. शेतात मामी पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या.

"हॉर्न द्या," मी चालकाला म्हणाले.

"कोणाला, मॅडम? रस्ता तर मोकळा आहे."

मी काच खाली केली, पण हाक मारली नाही. मामींनी वर पाहिलं नाही आणि आम्ही पुढे गेलो.