ट्रॅक्टर ओवाळणारा हात

...आणि ओवाळणारा तो हात कुणाचा, हे सांगायचं काल राहूनच गेलं. मांजरी गावातल्या आमच्या सर्जेरावाच्या बंगल्यात, दिवाणखान्यात, त्याच्या पहिल्या ट्रॅक्टरचा फोटो लावलेला आहे. कपाळाला कुंकू लावलेला सर्जेराव, नवाकोरा ट्रॅक्टर, आणि कडेने आरतीचं ताट धरून आत आलेला नुसता एक हात. बाई नाहीच. कुणी विचारलं तर सर्जेराव म्हणायचा, लक्ष्मीचा आहे. पाहुणे हसायचे.

माणूस हौशी. उसाच्या जागी आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि याच्या हाताला काम उरलं नाही. मग त्याने काढलं, की गावाचे जुने फोटो जमवून इंटरनेटवर ठेवायचे. आधी इतरांनी कसं केलंय ते बघू, म्हणून नात संस्कृतीला शेजारी बसवलं. ती स्वतः आयटीत. मी आपला चहाच्या निमित्ताने होतोच.

एका साइटवर फोटो लाखांनी, पण खाली नुसतं 'पुण्याजवळचे शेतकरी'. ह्यांस्नी आईबापानं नावं ठेवली नव्हती का, असं सर्जेराव त्या पडद्यालाच विचारत होता. दुसरीवर प्रत्येकाच्या तोंडावरून संस्थेचा शिक्का, बैल डागल्यागत. तिसरी लहानशी. तिथे फाटक्या कडेसकट अख्खा फोटो, डावीकडून कोण कोण उभं, फोटो दिला कुणी, आणि हयात माणसाची संमती घेतलेली. डाग असला तर पुसलेला नाही, कशाने पडला ते खाली लिहिलेलं. सर्जेरावाला तीच पटली. आपलंही अस्संच होणार, असं देवळात सगळ्यांना सांगून आला.

सुरुवात घरापासून, म्हणून संस्कृतीने भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला. फोटोचा एक भाग मागे दुमडलेला होता. तिने उलगडला, तर ताटामागे वेणूबाई, सर्जेरावाची थोरली बहीण. ओवाळता ओवाळता कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसणारी.

"आजोबा, ही आत्याआजी ना? हिला मागे का घातलं?"

सर्जेराव चष्मा पुसायला लागला. पुसतच राहिला. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण गावातल्या सगळ्यांसारखं मलाही ठाऊक होतं. ट्रॅक्टर आला त्याच्या पुढच्या साली वेणूबाईने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही दिली होती, एका साडीचोळीवर, हसत. तेव्हा ती नुसती उसाची जमीन होती. नंतर कंपन्या आल्या, बिल्डर आले, बंगला उठला, आणि सर्जेरावाने लोणीला बहिणीकडे जाणंच सोडलं. दिवाळीलासुद्धा मुलाला पाठवायचा.

पोरगी समजूतदार. पुढे काही विचारलं नाही. घडीची पांढरी रेघ कॉम्प्युटरवर पुसून देते, कळणारही नाही, एवढंच म्हणाली. सर्जेराव पटकन हो म्हणाला. पण संमती राहिलीच ना, आणि त्यासाठी लोणीला जाणं आलं. एकट्याला जाववेना, म्हणून मला गाडीत घातलं. एरवी रस्ताभर बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सगळं मीच बोललो.

वेणूबाईने चहा केला, सुनांची चौकशी केली. सर्जेरावाने खिशातून संमतीचा कागद काढला मात्र, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता आणि कशावर सही पायजे रं? हे घर आमच्या मालकांचं हाय, ते सोडून बोल."

मी सवयीने हसलो, आणि ते हसू कुठे ठेवावं ते कळेना. सर्जेरावाचे कान लाल झाले. त्याने कागद परत खिशात घातला आणि फोटो पुढे केला. तिने तो उजेडाला धरला, ट्रॅक्टर बघितला, भावाचं तरणं तोंड बघितलं. मग बोट तिच्याच खांद्यावरून गेलेल्या पांढऱ्या रेघेवर थांबलं. वाळवी लागली का रं फोटूला, असं तिने विचारलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला तर वाटतं, तिने मुद्दामच तशी सोय करून दिली होती. सर्जेराव खाली फरशीकडे बघत म्हणाला,

"वाळवी न्हाई, अक्का. घडी म्या घातली. तू सही करून गेलीस, आन् भिंतीवरनं माझ्याकडं बघून हसत ऱ्हायलीस. मला बघवंना. आता रेघ पुसत न्हाई. खाली लिवतो, घडी भावानं घातली. तुला चालंल का, एवढंच इचारायला आलोय."