रिकाम्या टाकीसमोर आक्का

शाळेच्या ऑफिसात कोणी चपला काढून आत येत नाही. पोलादपूरहून वरच्या वाड्यांना जीप नेणारा शंकर दाराशी चपला काढून उभा राहिला, तेव्हा मी दाखल्यावर शिक्का मारता मारता मान वर केली आणि मला सगळं कळलं. तो म्हणाला, "बाई, तुमची आक्का गेली. सकाळच्याला. दाजी बोलले, बाईंना घेऊनच ये." मी शिक्का जागेवर ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, हेडमास्तरांना सांगून आले. रडू आलं नाही. ज्या बातमीच्या धास्तीने दोन वर्षं मला धड झोप लागली नव्हती, ती एकदाची आली होती. त्या क्षणी मला नुसतं कुठेतरी बसावंसं वाटलं... पण जीप चालू होती.

पार्वती माझी थोरली बहीण. लग्न करून गेली ती पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या वाडीत. म्हशी, नाचणी, वरीचा तुकडा आणि उरलेल्या वेळात रान. लहानपणी तिचे सांधे धरले होते, आठवडाभर ताप होता, मग बरी झाली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या तापाने हृदयाची झडप खराब केली होती हे कळायला तिची पन्नाशी उलटावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, चढ चढायचा नाही, दवाखान्याजवळ राहायचं. म्हणून ती महाडला माझ्या दोन खोल्यांत आली. चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. मी एकटी, शाळेत कारकून, चिडक्या स्वभावाची. ती उघड्या अंगणात वाढलेली बाई. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, तिच्याकडे बघत ती खाटेवर बसायची. रोज एकदा तरी विचारायची, "शंकर आज वर जातोय काय गो?" मी म्हणायची, "जातोय, पण तुला नेणार नाही." हा आमचा नेहमीचा संवाद. दाजींना गुरं टाकून येता येत नसे. ते बाजाराच्या दिवशी यायचे, नाचणीचं पीठ ठेवायचे, तासभर बसायचे आणि जायचे.

तिचा मुलगा सुनील जहाजावर आचारी. एकदा रजेवर आला तो वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने थेट माझ्याकडेच. त्याच्या बॅगेतून साबण, अत्तर आणि पावडरच्या डबीसारखं उघडणारं एक छोटं यंत्र निघालं. आत दोन पडदे, एक वर, एक खाली. तो म्हणाला, "आये, ह्यात एक गाव हाय. म्हातारी माणसंसुद्धा खेळतात तिकडं. तुझं तू बघ, फिर, मासे धर." मला हसू आलं, थोडा रागही आला. आजारी आईला वेळ देता येत नाही म्हणून खेळणं आणून दिलं, असं मनात आलं. पण आक्का डोळे बारीक करून बघत राहिली. पडद्यावर एक ओढा होता, झाडं होती, उतारावर घर होतं. घराबाहेर फ्रॉक घातलेली एक बाहुली उभी होती आणि सुनीलने तिचं नाव पारू ठेवलं होतं. आक्का म्हणाली, "ह्या वयात मला फ्रॉक घालतंस काय रे?" मग त्याने त्यातल्या त्यात लांब, पिवळा झगा शोधून पारूला घातला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

ह्या खेळात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. बाहेर जी तारीख असते तीच आत असते. बाहेर सकाळ तर आत सकाळ. मोसमाप्रमाणे मासे, फुलपाखरं, किडे येतात. आणि गावात एक संग्रहालय असतं, ते सुरुवातीला पार रिकामं. चष्मा लावलेला एक म्हातारा बगळा त्याची राखण करतो. आपण जे धरू ते त्याला नेऊन द्यायचं, की तो ते काचेच्या टाकीत नाहीतर पेटीत ठेवतो आणि खाली देणाऱ्याचं नाव लिहितो. प्रत्येक जातीचा एकच घेतो. पहिला त्याचा, पुढचे आपले.

एवढं मी इंग्रजीतून वाचून सांगितलं आणि आक्काला सगळं एका दमात उमगलं. माझ्याहून जास्त उमगलं. वाडीत भाताचं नवं झालं की पहिली मूठ देवीच्या देवळात जाते, मग घरात शिजतं. काकडीचंही तसंच, दुधाचंही तसंच. तिच्या लेखी हे संग्रहालय म्हणजे त्या गावाचं देऊळ होतं आणि बगळा पुजारी. नवीन काही सापडलं की बाकी सगळं सोडून ती आधी तिकडे धावायची. खेळातला दुकानदार एकदा मोठ्या माशाला चांगलं काही द्यायला तयार झाला, तर आक्का त्या चित्राला म्हणाली, "आधी देवाचं होऊ दे, मग तुझ्याकडं येतो." तिचे माशांवर हात बसलेलेच होते. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे धरण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला पाण्यातल्या सावल्या ओळखायला शिकवावं लागत नाही. इंग्रजी नावांशी तिला कर्तव्य नव्हतं. लांबडी ती वाम, मिशावाला तो शिंगाळा, मोठ्या तोंडाचा तो जिताडा. बगळ्याला कळलं नाही तर तो त्याचा दोष.

एका दालनाशी मात्र तिचं शेवटपर्यंत जमलं नाही. जमिनीत सापडलेली जुनी हाडं तिथे जोडून उभी करतात. आक्का म्हणायची, "मेलेल्याची हाडं अशी मांडून ठेवतात काय? मातीत घालावी गुमान." तरी सापडलेलं हाड द्यायचीच, कारण ठेवून घेणं त्याहून वाईट. देऊन झालं की यंत्र बाजूला ठेवून मला तांब्या आणायला लावायची आणि हात धुवायची. शाळेतून दमून आल्यावर ह्या हाडांपायी मी किती वेळा उठले असेन! मासे असलेलं दालन तिचं लाडकं. आमच्या महाडच्या बाजूला नदीत एक कोंड, म्हणजे खोल डोह आहे, तिथले मासे देवीचे, त्यांना कोणी धरत नाही, लोक चुरमुरे टाकतात. आक्काला वाटायचं हे तसंच. धरून इथे सोडला की मासा देवीचा झाला, त्याचं पाप नाही. फक्त चुरमुरे टाकता येत नाहीत ह्याची तिला खंत होती.

हळूहळू सगळी दालनं भरत गेली आणि अखेर माशांची मधली एकच टाकी रिकामी राहिली. सुनीलने फोनवर सांगितलं, तो मासा वरच्या धबधब्याखाली येतो, फक्त ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. आक्काने दाजींकडून भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं, बोट फिरवलं आणि खाली ठेवलं. ऑगस्टचा तो अख्खा पंधरवडा श्रावणात येत होता. श्रावणात ती मासा खात नव्हती, शिवत नव्हती, घरात येऊ देत नव्हती. मी म्हटलं, "आक्का, हा खायचा नाही, खरा नाही, रक्त नाही, वास नाही." ती म्हणाली, "गळ तर टाकायचा ना? मग झालं." त्या पंधरवड्यात पारू रोज धबधब्यापर्यंत जायची, पाण्यातली मोठी सावली बघायची आणि परत यायची. मीच चडफडायची. मी स्वतः श्रावणात खुशाल मासे खाते. तिच्यासमोर मात्र वर्षभर डाळभातच झाला, कारण आजारपणात मासळी तळायचा वास तिला सोसत नसे.

मग तिला आठवलं की पुढचं वर्ष अधिक महिन्याचं. श्रावण उशिरा लागणार. ऑगस्टचे पहिले दहा-बारा दिवस आखाडात पडणार. तिचा चेहरा असा उजळला की मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की पुढचा पावसाळा काही धरून चालू नका. आता ह्या बाईने पुढच्या ऑगस्टवर सगळं ठेवलं होतं. तिला आयुष्यात काही पुरं झालेलं मिळालं नव्हतं. शाळा चौथीत सुटली, घर अर्धं राहिलं, वाडीही सुटली. निदान ही एक टाकी तरी...

सुनीलने तोड सुचवली. यंत्राचं घड्याळ फिरवता येतं. आज डिसेंबर असला तरी आत ऑगस्ट करायचा, मासा धरायचा, परत डिसेंबर करायचा. बाहेर श्रावण नाही, कसली अडचण नाही. मला ते पटलं. मी आक्काला समजावून सांगितलं, बटणं कुठली दाबायची तेही दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर काय बोलला गो तुला, बाहेर नेऊन?" मी म्हटलं, "काही नाही, गोळ्या बदलल्या." ती हसली. "माझं घड्याळ फिरवता येतंय काय तुला? नाय ना? मग त्या गरिबाचं कशाला फिरवतंस? ऱ्हाऊ दे त्याच्या चालीनं."

धोंड्याचा महिना लागला आणि तिने वर जायचा धोशा लावला. या वेळी मी नाही म्हटलं नाही. मी थकले होते, तीही थकली होती, आणि डॉक्टरही आता नको म्हणत नव्हते. जायच्या सकाळी ती यंत्र घेऊन बसली होती. शंकरने हॉर्न दिला तेव्हा तिने ते मिटलं आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "ने की. करमणूक होईल." ती म्हणाली, "वर कशाला? वर खरा गाव हाय." न्यायला आलेल्या दाजींनी आणि शंकरने तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, पुढे बघत होती. नीट, ताठ बसून. वर गेल्यावर ती तीन आठवडे जगली, अंगणात. दाजी सांगतात, बरी होती, म्हशींना नावानं हाका मारायची.

आता हे लिहायला बसले त्याचं कारण गेल्या आठवड्यातलं आहे. दाजी बाजाराला खाली आले. पीठ आणलं नव्हतं, कोणासाठी आणणार? तासभर बसून निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "परवा आवस. मग सरावन लागंल. तिचा तो मासा ऱ्हायलाच ना गो?" दाजींनी त्या यंत्राकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भुताटकी म्हणायचे. मीही आक्का गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. ते काढलं, वायर लावली आणि उघडलं.

ह्या खेळात माणूस जिथे सोडावं तिथेच सापडतं. पारू संग्रहालयात होती. मधल्या रिकाम्या टाकीसमोर, पिवळ्या झग्यात, आमच्याकडे पाठ करून उभी. म्हणजे त्या सकाळी शंकरचा हॉर्न वाजेपर्यंत आक्का हेच बघत बसली होती. तिनेच तिला तिथे नेऊन उभं केलं होतं. माझा अंगठा बटणावर होता आणि दाबवेना. एक बटण दाबलं की ती तिथून हलणार, मग आक्काच्या हाताने उभी केलेली ती पुन्हा कुठेच सापडणार नाही. मी दाजींना हे कसंबसं सांगितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

दाजी खाली वाकून पडद्याकडे बघत राहिले. "तवापासनं अशीच उभी हाय?"

"हो."

"मग चालव गो तिला. पाय भरून आलं असतील."

मी बटण दाबलं. पारू वळली, दारातून बाहेर पडली, पुलावरून पलीकडे गेली. धबधबा गावाच्या टोकाला, चढावर. मला हळू चालवता येत नाही, मी बटण दाबूनच धरलं, तर ती धावायला लागली. सगळा चढ धावत गेली. दाजी म्हणाले, "दम नाय लागत तिला?" मी म्हटलं, "नाही दाजी. इथे दम लागत नाही." ते खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरून बसले.

मासा काही मला साधेना. मी घाईने ओढायची, तो सुटायचा. दाजीच ओरडले, "बुडू दे की नीट! काय मासा धरतंस का भेंडी तोडतंस?" मग ते सांगतील तेव्हाच मी बटण दाबलं, आणि मासा आला. चांगला पारूएवढा लांब. बगळ्याने चष्मा सावरत पुष्कळ काही म्हटलं, मी ते दाजींना मराठीत सांगितलं, की संग्रहालय पुरं झालं आणि तो पारूचे आभार मानतोय. दाजींनी बगळ्याला नमस्कार केला. टाकीत मासा सोडला, खाली पारूचं नाव आलं. मी तिला परत त्याच टाकीसमोर नेलं, होती तशीच, आमच्याकडे पाठ करून उभी केली, आणि यंत्र मिटायला लागले.

दाजींनी माझा हात धरला. टाकीसमोर एक बाक होता. आम्ही तो कधी वापरला नव्हता.

"उभी नको ठेवू," ते म्हणाले. "बसव तिला."

मी तिला बसवलं.