केळीच्या चित्राची नोट

आमच्या यांना परदेशी नोटांचा भारी नाद. जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकुनी करायचे आणि सुट्टी असली की जाड पानांची वही मांडून बसायचे. लोक म्हणे देशावार, नाहीतर सालवार लावतात. यांची तऱ्हाच निराळी. राजांची पानं वेगळी, जहाजांची वेगळी, झाडांची वेगळी. बाजारात भाजीसुद्धा कुणी इतकी निवडून मांडत नाही, असं मी म्हणायचे.

लढाईच्या दिवसांत रजेवर आलेल्या एका शिपायानं यांना मलायातली नोट दिली. जपान्यांनी छापलेली, आणि वर घडासकट केळीचं झाड. हे अगदी हरखले. झाडांच्या पानावर ती लावतायत, तोच रावेरहून माझे वडील आले. आबांचा जन्म केळीच्या मळ्यात गेलेला. नोट डोळ्यांशी धरून म्हणाले, घड अजून भरला नाही, कापायची घाई करू नये. मग गावात दाखवायला म्हणून मागितली. हे वहीला कुणाला हात लावू देत नसत, पण सासऱ्याला नाही कसं म्हणणार? दिली.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मास्तरांना पोलिसांनी नेलं. जपानचा रेडिओ ऐकत होते म्हणे. नुसतं ऐकलं तर ही गत, मग शत्रूची नोट जपून ठेवणाऱ्याला सोडतील होय? हे म्हणाले, काही होत नाही गं. पण चहा निवून गेला तरी यांना कप उचलवेना. यांना नेतील, दुसरं काही मला सुचेचना. नोट परत आणायला आम्ही सकाळच्या गाडीनं रावेर गाठलं.

उशीर झाला होता. केळी भरायला आलेले व्यापारी, हमाल, सगळ्यांना आबांनी नोट दाखवून झाली होती. जपानच्या नोटेवर आपली केळ, याचं कोण कौतुक! आदल्या दिवशी फौजदारानं ती काढून घेतली आणि कुठून आणली म्हणून विचारलं. आबांनी सांगितलं, स्टेशनात सापडली, माझीच आहे. जावयाचं नाव तोंडातून काढलं नाही. आज पुन्हा ठाण्यावर बोलावणं होतं.

हे म्हणाले, मी येतो, खरं काय ते सांगतो. आबा पागोटं बांधता बांधता थांबले.

"नोट माझी, हे मी त्यायले सांगून चुकलो. आता तुम्ही खरं सांगसान तं मी खोटा पडीन. पोरीजवळ बसा."

ते निघाले. यांनी टोपी उचलली. मी बाही धरली, घट्ट धरली, लाजबीज सगळी गुंडाळून ठेवली.

"त्यांना एकटं जाऊ देऊ?" यांनी विचारलं.

माझा हात सुटला. जळगावहून मी एकाच्या जिवाची धास्ती घेऊन आले होते. ओसरीवरून पाहिलं तर पुढे आबा, मागे हे, दोघंही ठाण्याच्या वाटेला लागले होते.