लाल सुताने बांधलेला दोर

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या बालवीर पथकाचा मेळावा व्हायचा होता. गळ्यात बांधायचे हिरवे स्कार्फ शाळेने शिवून दिले होते; पण स्कार्फ गळ्याशी धरून ठेवणारी कडी, म्हणजे वॉगल, ज्याची त्याने करायची होती. पथकाचे सर देशावरचे, नवीनच बदलून आलेले. "विकत काही आणायचं नाही," ते म्हणाले, "घरात, परसात, किनाऱ्यावर जे मिळेल त्यातनं करा." कोणी करवंटी घासायला घेतली, कोणी बांबूचं कांडं कापलं. एकाने तर मुशी माशाचा वाळलेला मणका आणून त्याला भोक पाडलं. मी दोराची वेणीसारखी गोल गाठ घालायचं ठरवलं. ती मला अब्बांनी शिकवली होती.

अब्बा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते. मंगळूरहून कौलं भरून ते परत निघाले होते. त्या खेपेला माझा मामू, अम्माचा धाकटा भाऊ, खलाशी म्हणून त्यांच्याबरोबर गेला होता. त्याची ती पहिलीच खेप. सुट्टीत वादळ झालं. आमच्या राजिवडा मोहल्ल्यातली बाकीची गलबतं कुठे कुठे आसरा घेऊन एकेक करत परतली. आमचं आलं नाही. घरात कोणी तो विषय काढत नसे. अम्मा मात्र रोज अब्बांच्या आणि मामूच्या वाटणीचा भात टाकायची आणि संध्याकाळी तो मुकाट्याने कोंबड्यांना घालायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी आम्हाला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं. वादळाने काळ्या वाळूवर शेवाळ, लाकडं, फुटके नारळ आणून टाकले होते. मुलं आरडाओरडा करत पांगली. शेवाळाच्या एका ढिगातून मला दोर डोकावताना दिसला. ओढत गेलो तसा तो येतच राहिला. शेवटी त्याचं टोक हातात आलं, आणि माझे हात तिथेच थांबले.

टोक उसवू नये म्हणून त्यावर लाल सूत गुंडाळलेलं होतं. बाकीचे तांडेल पांढरं सूत वापरायचे. अब्बांना अम्मा लाल रंगवून द्यायची. दुसरं टोक कापलेलं नव्हतं. ताणाने पिंजून तुटलं होतं.

"वा! सगळ्यांना पुरेल की हा," सर मागून आले आणि त्यांनी खिशातून चाकू काढला. "आण इकडे."

"नको सर."

"का रे?"

"आमचा आहे हा."

सर हसले. "तुमचा कसा? समुद्राने दिलाय तो."

तेव्हा माझ्याच मोहल्ल्यातला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याच्या अब्बांचा गलबत अजून येवक नाय."

सरांनी चाकू मिटला.  सगळी मुलं माझ्यापासून जरा लांब सरकली.

सर मला घरी पोचवायला आले. अम्मा तांदूळ निवडत होती. तिने लाल सुतावरून अंगठा फिरवला.

"कुठे मिळाला?"

"मांडवीला."

"फळीबिळी काय होती?"

"नाय."

तिने दोर गोड्या पाण्याने धुतला आणि जोत्यावर वाळत घातला. शेजारचे म्हातारे चाचा आले. त्यांनी पिंजलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. "शिडाचा दोर हाय," ते म्हणाले. "शीड गेला म्हणजे गलबत वाऱ्याच्या हवाली. आणि खाली गोव्याकडे गेला असला तर तिथून माणूस येवचा नाय, कागद पण नाय." गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि हद्द बंद होती.

त्यानंतर विहिरीवर बायका अम्माला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरच्या बाईला तशी वाट देतात. "आधी तुम्ही भरा," अम्मा फाडकन म्हणायची आणि कळशी टेकवून उभी राहायची. मेळाव्याला मी बांबूच्या कांड्याचं वॉगल घालून गेलो. बँड वाजत होता. आमच्या गल्लीतलं कोणी बातमी घेऊन मला न्यायला येतंय का, एवढंच मी पाहत होतो.

अब्बा आले ते एका दुपारी, सावंतवाडीहून एस.टी.ने. अंगात दुसऱ्या कोणाची तरी विजार, पाय अनवाणी, दाढी वाढलेली. मी धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली. अम्मा दारातच उभी राहिली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या मागे, रिकाम्या गल्लीकडे.

"आणि तो?"

अब्बा पायरीवर बसले. "डोलकाठी मोडली तेव्हा तो वर होता," ते म्हणाले.

गलबत गोव्याच्या खडकांवर फुटलं होतं. वाचलेल्यांना पोर्तुगीज पोलिसांनी कोठडीत ठेवलं आणि मग हद्दीपलीकडे पायी हाकललं. मामू कोणालाच पुन्हा दिसला नव्हता.

अम्माने अब्बांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. पण कित्येक महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. तिचा राग अब्बांवर आहे, असंच मला वाटायचं. मामू घरी बसून बिघडतोय, त्याला बरोबर न्याच, असा हट्ट तिनेच धरला होता, आणि अब्बा नको म्हणत होते, हे मला मोठा झाल्यावर समजलं.